निकालात बाबापुढे ‘माघार’ का

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, नेटवर सापडलेल्या बाबाच्या जुन्या शर्यतीच्या निकालात त्याच्या नावापुढे ‘माघार’ का? बाबा उठून गेला. तो सांगणार नाही, म्हणून मी, तुमची आजी, लिहिते.

फुटबॉल खेळून त्याला पगार मिळायचा. गुडघा दुसऱ्यांदा गेला, क्लबने करार संपवला आणि तो नागावला घरी आला. त्याचा पाय घरात ठरेना. अंगण, विहीर, फाटक, पुन्हा अंगण. शेजारचे कोळीदादा म्हणाले, "अंगण झिजवतोस व्हय? चल, होडीत बस. तिथं पलायला जागाच न्हाय."

तो गेला आणि शिडाच्या होडीच्या नादाला लागला. एकट्याने चालवायच्या बोटीच्या शर्यतींत उतरला. चार वर्षांनी भारताच्या संघासाठी निवड होती. वय पाहता संधी शेवटचीच.

निवडीची शर्यत आमच्याच किनाऱ्यासमोर झाली. मी सुरूखाली दुर्बीण घेऊन उभी. खुर्ची होती, पण बसवेना. शेवटच्या वळणावर त्याची बोट खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या केशरी बोयाला घासली. बोया डुलला. नियम असा, की बोयाला लागलं तर आपणहून एक गिरकी घ्यायची, मग पुढे जायचं. त्याने घेतली नाही. पहिला आला.

दुपारी तो ताट हातात घेऊन ओटीवर फेऱ्या मारत जेवत होता.

"बोट बोयाला लागली ना रे?"

"कोणी पाहिलं नाही."

"मी पाहिलं."

"तू काय रेफरी आहेस? शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही, जन्मभर हेच शिकलो मी."

"समुद्रावर शिट्टी नसते, हे तूच मला सांगितलंस."

"आई, यानंतर मला काही नाही गं."

खरं सांगते, त्याने आयोजकांकडे न जाता घरीच राहावं असं मलाही वाटत होतं. त्याने ताट ठेवलं, स्कूटरची चावी घेतली आणि गेला. मी भांडी दोनदा घासली.

तासाभराने परतला. "माघार लिहायला सांगितली. विचारत होते, तक्रार कुणाची?"

"मग?"

"म्हटलं, माझीच."

आणि पुन्हा विहीर, फाटक, अंगण.

संघात दुसरा गेला. पुढच्या वर्षी बोट विकली. निकालाचा कागद मी आयोजकांकडून मागून आणला होता. तो कपाटातल्या निळ्या फायलीत आहे.