आबांची लाइनदोरी

आमच्या शहरात लाइन या शब्दाला क्षणभर विसावा नाही. नळाची लाइन फुटली की रस्ताभर पाणी आणि घरात ठणठणाट. रेशनला लाइनीत उभं राहायचं. पाचोडकडचे पाहुणे आले की आधी शेतातली लाइन कधी जाते, कधी येते ते सांगणार, मग पाणी पिणार. कॉलेजबाहेर पोरं लाइन मारतात आणि पोलीस त्यांना लाइनीवर आणतात. शहागंजातला शिंपी ब्लाउजला लायनिंग लावू का म्हणून विचारतो, ते लायनिंगही याच घरातलं.

हे सगळे अर्थ मला आवडतात. एकाच अर्थानं मात्र डोकं फिरतं. ‘ही तुमची लाइन नाही.’ हे वाक्य मी दहा वर्षांची असताना पहिल्यांदा ऐकलं, आणि ते माझ्या वडिलांना, आबांना उद्देशून होतं.

आमचं घराणं मेंढरं राखणारं. चराईची रानं उरली नाहीत तेव्हा आबांनी मेंढरं विकली आणि आम्ही शहरात आलो. आबा बांधकामावर विटा वाहू लागले. त्यांना गवंडी व्हायचं होतं. दौलताबादच्या रस्त्याला एका बंगल्याचं काम चालू होतं. तिथला गवंडी आजारी पडला तेव्हा ठेकेदारानं आबांना कंपाउंडची भिंत बांधायला दिली. भिंतीचा थर सरळ यावा म्हणून गवंडी दोन टोकांना दोरी ताणून बांधतात, तिला लाइनदोरी म्हणतात. आबांकडं ती नव्हती. आणि आमच्या घरात बांधायचं, ताणायचं, मोजायचं सगळं काही मायच्या चातीवर कातलेल्या लोकरीच्या सुतानं. त्यापेक्षा भरवशाचं काही जगात असेल, हे आबांच्या मनातही आलं नाही. त्यांनी तेच सूत दुहेरी पिळून बांधलं.

लोकर ताणली की लांबते, भिजली की आणखी लांबते. सिमेंटच्या मालाचं पाणी उडत होतं, दोरी मधोमध खाली येत होती, आणि आबा इमानानं दोरी सांगेल तशी वीट लावत होते. दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा ठेकेदार भिंतीच्या टोकाला एक डोळा मिटून उभा होता. प्रत्येक थर मधोमध झोल खाऊन बसला होता.

“दोरीनं दगा दिला,” आबा म्हणाले.

“नाचता येईना, अंगण वाकडं!” ठेकेदार सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मामा, ही तुमची लाइन नाय. तुमची लाइन मेंढरामागची. पाडा ही भिंत.”

कामावरचे बायाबाप्ये हसले. आबांनी स्वतःच्या हातानं भिंत पाडली, एकेक वीट घासून पुसून रचून ठेवली, आणि निघताना ठेकेदाराला म्हणाले, “दोरी बदलतो. म्या नाय बदलायचो.”

शहागंजातून त्यांनी नायलॉनची दोरी आणली. पुढं दोन वर्षं विटाच वाहिल्या, पण जेवणाच्या सुट्टीत दोरी ताणून कोरड्या विटांचे थर लावायचे, बघायचे, परत काढून ठेवायचे. लोक येडा म्हणायचे. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या एका ठेकेदारानं त्यांच्या हातात गवंड्याची थापी दिली.

गेल्या वर्षी मी एका शाळेत इंग्रजीच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. एम.ए. इंग्रजीत, बी.एड. झालेलं, वर चार वर्षं दुसऱ्याच्या क्लासमध्ये घसा कोरडा केलेला. ही नोकरी मला हवीच होती. कोणताही एक शब्द शिकवून दाखवा, म्हणाले. मी लाइन घेतला. नेहमी जवळ बाळगते ती आबांची जुनी नायलॉनची दोरी पर्समधून काढली, टेबलाच्या दोन टोकांना ताणली आणि सांगितलं की हा शब्द मुळात लॅटिनमधल्या जवसाच्या नावावरून आला. जवसाच्या ताटाचा धागा निघायचा, त्यावरून लिनन, त्याच्या दोरीवरून लाइन. रेघ, रांग, तार, धंदा, वंश, सगळी त्या धाग्याची लेकरं.

मुलाखत घेणाऱ्यांतले मधले साहेब माझा अर्ज चाळत होते. “वडील गवंडी. घराणं मेंढरांचं,” ते अगदी मायेनं म्हणाले. “बाई, राग मानू नका, पण इंग्रजी ही काही तुमची लाइन नव्हे. मराठीची जागा निघाली की या.”

राग मानू नका म्हणे. मला असा राग आला की कानशिलं तापली.

“सर, तुमच्या घरी जवसाची चटणी होते ना?” मी विचारलं. “ते जवस रानात कोण खुरपतं? आमच्यासारखीच माणसं. या शब्दाचं माहेर आमच्या रानात आहे. तुम्ही तो खाल्लाय, मी तो शिकलेय. मला लाइन दाखवायला तुम्ही कोण?”

दोरी गुंडाळून मी बाहेर पडले. नोकरी गेली. दुःख झालं, खोटं कशाला बोलू! रिक्षात रडले. पण जे बोलले त्यातला एक शब्दही परत घ्यावासा वाटला नाही, आजही वाटत नाही.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. सकाळी उठून बघते तर अंगणात खुंट्या मारलेल्या. दोरीचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं.

“वढून धर. तुझ्या शिकवणीची खोली हितं.”

त्या खोलीत आता मी इंग्रजी शिकवते. पहिल्या दिवशी फळ्यावर लाइन लिहिते आणि मुलांना समोरच्या भिंतीकडं बघायला सांगते. तिला मुद्दाम गिलावा केलेला नाही. मुलं टोकाला उभी राहतात, एक डोळा मिटतात आणि थर तपासतात. अजून एकालाही झोल सापडलेला नाही.