चिंचेवर घातलेला आळ

ही हकिगत मी आजवर टाळत आलो. बायकोला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही. दर रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून पापांची कबुली दिली, पण तिथे सगळे मिळून ‘आमची पापं’ असं म्हणतात, त्यात माझं हे एक पाप कधी वेगळं काढून म्हणावं लागलं नाही.

मागच्या महिन्यात आमच्या अनाथालयातली जुनी स्वयंपाकीण वारली. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. जे घडलं ते डोळ्यांनी पाहिलेली आणि तेव्हा कळत्या वयाची अशी ती एकटीच उरली होती. शेवटचा भेटायला गेलो तेव्हा तिने बस म्हणायच्या आधी विचारलं, “मास्तरजी, सांगतलं का तिले?”

मी म्हटलं, “नाही.”

“मंग कायले आले?” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका मिशनच्या अनाथालयात व्यवस्थापक होतो. प्रमुख बाई म्हाताऱ्या होत्या, बहुतेक वेळ अंथरुणात. सह्या त्यांच्या, बाकी सगळं माझं. कोर्टाची कागदपत्रं, परदेशी पत्रव्यवहार, मुलांची शिस्त. इंग्रजी येणारा बाईंखेरीज मीच.

मी मुलांना मारत असे. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून एका दिवसाचा राग होता असं वाटेल. रजिस्टरमध्ये रेघा मारायचा काळा, गोल, शिसवी रूळ माझ्या टेबलावर असायचा. त्याने मी बोटांच्या पेरांवर मारत असे, पोटऱ्यांवर मारत असे. अंथरूण ओलं केलं म्हणून मारलं, प्रार्थनेत हसलं म्हणून मारलं. एका मुलाचं नख निघून आलं होतं. एका मुलीच्या कानातून दोन दिवस पाणी येत होतं. माझ्या बापाने मला सायकलच्या ट्यूबने मारून वाढवलं होतं, मिशनच्या बोर्डिंगात वेताने. मला दुसरी रीत ठाऊक नव्हती असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मावशी त्याच घरात, त्याच मुलांना, हात न उगारता वाढवत होती आणि मी ते रोज पाहत होतो.

मावशीने जिच्याबद्दल विचारलं ती मुलगी वर्षाची असताना काटोलच्या बसस्टँडवर सापडली होती. सात वर्षांची झाली तेव्हा हॉलंडमधल्या एका कुटुंबाने तिला मागितलं. नवरा शाळेत सुतारकाम शिकवायचा, बायको घरी, दोन मुलगे, मुलगी नाही. भाविक ख्रिस्ती माणसं. त्या काळी परदेशी लोकांना मूल न्यायचं तर जिल्हा कोर्टातून पालकत्वाचा हुकूम घ्यावा लागे. न्यायाधीश मुलाला समोर बोलावून पाहत. अर्जासोबत डॉक्टरचा दाखला जोडावा लागे. तिच्या दाखल्यावर लिहिलं होतं: प्रकृती उत्तम, अंगावर कुठलंही व्यंग नाही.

ते कुटुंब दर पंधरा दिवसांनी पत्र पाठवायचं. मी ते मुलीला मराठीत सांगायचो. त्यांनी जेवणाच्या टेबलापाशी तिची खुर्ची आणून ठेवली होती. रोज जेवणाआधी पाचवा माणूस म्हणून तिचं नाव घेत. आईने लाल स्वेटर विणायला घेतला होता. मुलगी ऐकून घ्यायची आणि दर वेळी एकच विचारायची, “तिथं मारतात का जी?”

“चांगलं वागलीस तर नाही,” मी सांगायचो.

परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी मी एक पद्धत सुरू केली होती. भोजनगृहात सगळी मुलं जमिनीवर बसत. जाणाऱ्या मुलाला तीन महिने आधीपासून वेगळ्या टेबलावर बसवायचं आणि चमच्या-काट्याने जेवायला शिकवायचं. आमचं मूल तिकडे जाऊन हाताने जेवलं तर आमची लाज, असा माझा हिशेब. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, कुठल्या पत्रात लिहिलेलं नव्हतं. माझं मीच ठरवलेलं.

तिला चमचा जमत नव्हता. भात तोंडापर्यंत येईस्तोवर सांडायचा. मी पाठ फिरवली की उजव्या हाताने भराभर घास घ्यायची.

“जेवू द्या नं जी हातानं,” मावशी म्हणायची. “लेकरू उपाशी उठते. तिकडं गेल्यावर तिची माय शिकवन तिले.”

“तुम्ही स्वयंपाकाचं पाहा.”

“मी सैपाकाचंच पाहून राहिली. रांधलेलं पोटात जायले पाह्यजे का नाई?”

कोर्टाची तारीख आठ दिवसांवर आली होती. दुपारची वेळ. वरण-भात होता. मी तिच्या समोर उभा होतो. दोन घास चमच्याने घेतले, तिसरा फ्रॉकवर सांडला. तिने चमचा ठेवला आणि हात ताटात घातला, माझ्या देखत.

“चमचा,” मी म्हटलं.

“भूक लागली जी.”

“चमचा घे.”

ती खाली मान घालून म्हणाली, “तुमी सोता तं हातानंच जेवता.”

जमिनीवर बसलेली चाळीस मुलं हसली. मावशीही हसली, पदर तोंडाला लावून. ऑफिस शेजारीच होतं. मी जाऊन रूळ आणला. हसणं थांबलं होतं. पहिला फटका बोटांवर बसला. तिने हात टेबलाखाली लपवला. मी तिचं कोपर धरून हात बाहेर ओढला, टेबलाच्या कडेवर मनगट दाबून धरलं आणि मारलं. दुसरा, तिसरा. मला मोजायची सवय होती, मी मोजत होतो. चौथ्या फटक्याला ओलं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला. मला तो ऐकू आला होता. पाचवा मी त्यानंतर मारला.

सहाव्याला मावशीने रूळ धरला. तिच्या हाताला वरण होतं, माझ्या हातातून तो निसटला. ताट खाली पडून गरगरत राहिलं. मुलगी ओरडत नव्हती. आपला हात भलतीकडेच वळलेला ती पाहत होती, मग ओकली.

सरकारी दवाखाना पंधरा मिनिटांवर होता. तिथे नेलं असतं तर कागदावर आलं असतं, डॉक्टरने विचारलं असतं, कोर्टातल्या दाखल्याशी जुळलं नसतं. मी मावशीला बरोबर घेतलं आणि उमरेडची एस.टी. पकडली. तिकडच्या एका खेड्यात हाड बसवणारा एक पहिलवान होता. तास-सव्वा तास बस खड्ड्यांतून गेली. प्रत्येक खड्ड्याला मुलीचे दात वाजत होते. मावशीने तिला मांडीवर घेऊन माझ्याकडे पाठ केली होती.

पहिलवानाने हात चाचपला. म्हणाला, “हे पडून मोडलं नाई.”

“झाडावरून पडली,” मी म्हटलं. चिंचेचं नाव तेव्हा पहिल्यांदा निघालं. “चिंचेच्या.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने मुलीचा दंड मला धरायला लावला. “धरा. तुमचंच काम हाये.” त्याने ओढलं तेव्हा ती किंचाळली, आणि तिचं सगळं अंग माझ्या हातात उडत होतं. बांबूच्या कामट्या लावून त्याने फडकं बांधलं.

हात वाकडा बसला.

दुसऱ्या दिवशी मी वकिलाला सांगितलं, मुलीला गोवर निघाला आहे, पुढची तारीख घ्या. मला पाच-सहा आठवडेच हवे होते. पण पुढच्या तारखेआधी कोर्टाला उन्हाळ्याची सुटी लागली. सुटी संपली तर न्यायाधीशांची बदली झालेली. नव्या न्यायाधीशांनी सगळे अहवाल नव्याने मागवले. मी मागितलेल्या पाच-सहा आठवड्यांचे चौदा महिने झाले.

घटनेनंतर तीन आठवड्यांनी हॉलंडहून पत्र आलं, त्या घरच्या आईचं. तिने लिहिलं होतं की भारतात लोक हाताने जेवतात असं त्यांनी वाचलं. म्हणून आता दर रविवारी ते चौघेही भात हाताने खायचा सराव करतात. धाकट्याला छान जमतं. नवऱ्याच्या मात्र कोपरापर्यंत ओघळ जातात. मुलगी आली की टेबलावर तिला एकटं वाटू नये म्हणून हे सगळं.

पत्र वाचताना रूळ समोरच होता. मी पत्राची घडी घातली आणि खणात तळाशी ठेवली. मुलीने विचारलं, “काय लिवलं जी?” मी म्हटलं, “सगळे बरे आहेत.”

मी त्यांना लिहीत राहिलो: न्यायालयीन विलंब आहे, प्रार्थना करावी. ते उलट लिहीत: विलंबातही प्रभूचा हेतू असेल, आम्ही वाट पाहू. स्वेटर तयार झाला होता, पण मुलगी वाढत असेल म्हणून आईने तो उसवून एक माप मोठा विणला. हिवाळा गेला, पुन्हा उसवला, पुन्हा विणला. तिने त्यात एकदाही तक्रार केली नाही. मला वाटतं तिने एक कडक पत्र लिहिलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. हीही पळवाटच.

त्या चौदा महिन्यांत मी त्या मुलीला पुन्हा हात लावला नाही. बाकीच्यांना मारत राहिलो, पहिल्यापेक्षा जास्त. रूळ मी फेकला नाही, जाळला नाही. मावशीने एकदा तो चुलीपाशी नेऊन ठेवलेला मला दिसला. मी तो परत आणला.

मग हुकूम झाला. नव्या दाखल्यावर ‘उजव्या मनगटाला जुनी दुखापत, झाडावरून पडल्याने’ असं आलं, माझ्या सांगण्यावरून. नवरा-बायको नागपुरात आले. आम्ही त्यांना भोजनगृहातच जेवायला बसवलं, त्याच टेबलावर. मुलीने त्यांनी आणलेला लाल स्वेटर घातला होता, एप्रिलच्या उन्हात. काढायला तयार नव्हती.

मावशीने वरण-भात वाढला. त्या दोघांनी डोळे मिटून प्रार्थना केली, मग बाह्या सारून हाताने कालवायला लागले. हॉलंडच्या बाईंच्या बोटांना भात चिकटत होता, त्या हसत होत्या. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि चमचा उचलला, डाव्या हातात. पाठ ताठ करून, एक दाणा न सांडता ती जेवत होती. दर घासाला माझ्याकडे बघत होती.

हॉलंडच्या बाईंनी मुलीचं उजवं मनगट हातात घेतलं. मला इंग्रजीत म्हणाल्या, “तिला विचारा ना, हे कसं झालं? मला तिच्याकडूनच ऐकायचं आहे.”

मी मुलीला विचारलं, “हाताला काय झालं ते विचारतात.”

ती स्पष्ट म्हणाली, “मास्तरजीनं मारलं. रुळानं.”

दोघं माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी खिडकीबाहेर बोट केलं आणि इंग्रजीत म्हणालो, “ती म्हणते, त्या चिंचेवरून पडले.”

मावशीला इंग्रजी येत नव्हतं, पण माझं बोट तिला दिसलं. तिने वरणाचं पातेलं खाली ठेवलं आणि निघून गेली. मुलीनेही माझ्या बोटाच्या दिशेने पाहिलं. मग तिने मान हलवली, हो म्हणून. आपण काय बोललो आणि काय पोचलं हे तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं कळलं होतं.

जेवणानंतर ते गृहस्थ चिंचेपाशी गेले. सुतार माणूस, त्यांनी खोडावरून हात फिरवला. म्हणाले, “चांगलं झाड आहे. एवढ्यासाठी तोडू नका.” मुलीला तिथे उभं करून त्यांनी फोटो काढला. जाताना माझे दोन्ही हात धरून त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. एवढा काळ त्यांच्या मुलीची काळजी घेतली म्हणून देवाचे आभार मानले. मी आमेन म्हटलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला ती एकटी आली. मी निवृत्त होऊन नागपुरातच नंदनवन भागात राहत होतो. उंच, केस कापलेले, मराठीचा एक शब्द उरलेला नाही. चहाचा कप तिने डाव्या हाताने धरला. आई वारली होती. तिने तो फोटो काढून माझ्यापुढे ठेवला.

“आई सांगायची, झाडावर राग धरू नकोस,” ती म्हणाली. “रोज रात्री आम्ही त्या झाडाला क्षमा करायचो. पण मला झाड आठवत नाही. मला एक काळी, गोल काठी आठवते. तुम्हाला काही माहीत आहे?”

माझा मुलगा दारात उभा होता. त्यानेही माझ्या हातचा मार पुष्कळ खाल्लेला. तो माझ्याकडे पाहत होता.

मी म्हणालो, “लहान मुलांच्या आठवणी सरमिसळ होतात.”

ती म्हणाली, “मला झाड दाखवाल?”

मी रिक्षाने तिला घेऊन गेलो. चिंच होती. तिने वाकडा हात खोडावर ठेवला आणि सालीवरून बोटं फिरवत राहिली. मी चार पावलांवर होतो. इंग्रजीत वाक्य तयार होतं, तोंडात होतं. तिने वळून आभार मानले. मी म्हणालो, ऊन वाढतंय, निघू या.

तिचा पत्ता माझ्याकडे आहे. ते वाक्य मी कधी पाठवलं नाही, म्हणून इथे मराठीत लिहितो:

बेटा, झाडाला क्षमा करू नकोस, झाडाने काही केलं नव्हतं. तुझा हात मी मोडला. तुला भूक लागली होती आणि तू हाताने जेवत होतीस. त्या टेबलावर तू तुझ्या आईला खरं सांगितलं होतंस, मी ते तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही. मला माफ कर.