सिक डब्याला कोणी आळशी म्हणत नाही

बाबा गेले त्या दुपारी मी ऑफिसात होते. आईचा फोन आला, "तुझे बाबा जेवता जेवता कलंडले, ते उठलेच नाहीत." हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मी रायपुरातल्या गुढियारीच्या घरी पोचले तोवर अंगणात खुर्च्या लागल्या होत्या आणि मरणाचं कारणही ठरून गेलं होतं. नात्यातला एक काका सगळ्यांना सांगत होता, "मी म्हनतच होतो. त्या डोक्याच्या गोळ्यांनीच नेलं शालिकले." भोवतीच्या माना हलल्या. हव, हव. त्याच गोळ्यांनी या माणसाला बारा वर्षं जगवलं, हे त्यातल्या एकाही मानेला आठवलं नाही. पाच आठवडे मी गप्प राहिले... आता लिहिते.

माझे बाबा, शालिक मेश्राम, रेल्वेत मालगाडीची चाकं हातोडीने ठोकून पाहत. चांगलं चाक खणकन वाजतं, तडकलेलं बद्द. शिक्षण चौथी. मी घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगत असे. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, नव्या खात्यात मला नोकरी लागली. त्याच वर्षी बाबा बदलले. दाढी करेनात. भाजीत मीठ नाही, हे त्यांना कळेना. डोळे उघडे ठेवून खाटेवर पडून राहत. निदान आम्ही सगळ्यांनी फुकटात केलं. आई म्हणाली, नजर लागली. शेजारी म्हणाले, दारू. काका दारातूनच ओरडला, "मरद मानूस असा रडते का बे? सकाळी उठून फिरत जाय!" आणि मी, बी.ए. झालेली, म्हणाले, "मन रमवा, बाबा." वर दोन जाड पुस्तकं आणून उशाशी ठेवली. चार ओळी वाचताना ज्याला घाम फुटतो, त्याच्या उशाशी! आमच्या घरात तेव्हा मूर्खांची वाण नव्हती, आणि सगळ्यात शिकलेली मूर्ख मी होते.

एका सकाळी ड्यूटीवरून आल्या आल्या बाबा माझ्यासमोर बसले. "पोरी, सुटीची अर्जी लिहून दे. सिकमधी जातो."

"काहून? काय झालं?"

"आज पुरी गाडी ठोकली. एक बी चाक ध्यानात नाही राहिलं. चुकलं असतं तं?" मग बोटाने खुर्चीची कड ठोकून पाहिली. "कान चांगले आहेत. मीच आतून बद्द वाजून राहिलो."

"मग लिहू काय?"

"मन बिमार आहे, लिही."

मी लिहिलं, ताप. सुंदर अक्षरात. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती, ऑफिसात माझा मान होता, आणि बापाला वेड्यांचा डॉक्टर लागतो हे मला कागदावर नको होतं. वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी शांतपणे विचारलं, "डबा बिघडला की आम्ही त्याच्यावर सिक लिहितो. गाडीतून काढतो, सिक लाइनीवर नेतो, दुरुस्त करतो. त्याले कोनी आळशी काहून नाही म्हनत?" मी चिडून कागद त्यांच्यापुढे सरकवला. माझा कागद तिथेच ठेवून ते रेल्वेच्या डॉक्टरकडे गेले आणि तोंडानेच सगळं सांगितलं. त्या डॉक्टरांनी शंकर नगरातल्या मानसोपचार डॉक्टरकडे पाठवलं. माझी पदवी भिंतीवर होती. आजार ओळखला चौथी पास माणसाने.

जादू काही झाली नाही. पहिला महिना तोंड कोरडं, दिवसभर पेंग. गोळ्या सोडतो म्हणाले, डॉक्टरांनी त्या बदलून दिल्या. दर आठवड्याला तासभर बोलणं. तिसऱ्या महिन्यात एकदा बाबांनी ताट सरकवलं, "हे वरन आहे का पानी?" आणि आई आनंदाने रडली. ते पुन्हा कामावर जाऊ लागले. चहाच्या टपरीवर उघड सांगत, "मी मनाच्या डॉक्टरकडे जातो." लोक मागून पागल मेश्राम म्हणत. सगळ्यात जोरात काका.

मागच्या आठवड्यात काकू आली. "ते उठतच नाहीत, पोरी. आंघोळ नाही, जेवन नाही. शालिकभाऊ गेल्यापासून गोळ्या बंद केल्या." गोळ्या? काकाच्या? त्याच डोक्याच्या, आणि कित्येक वर्षांपासून! अंगणात आपणच ठोकलेल्या भाषणावर या शहाण्याने स्वतः विश्वास ठेवला होता. मी काकूसमोर हसले. चांगलं वागले नाही, पण हसले. मग ऑटो बोलावला.

दवाखान्यात काउंटरवरच्या दीदीने नाव विचारलं. काका खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड घालून पुटपुटला, "शालिक मेश्राम."

मी गर्रकन वळले. दीदी कपाट उघडत म्हणाली, "मेश्राम जी की तो दो फाइल हैं. बोलने वाले कि चुप वाले?"

काका माझ्याकडे न पाहता म्हणाला, "त्यानंच आनलं होतं मले इथं. म्हने, तुले लाज वाटते तं माझं नाव सांग. माझं नाव काही झिजत नाही."

बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. त्या अंगणापासूनचं साठलेलं. "चुप वाले," मी दीदीला म्हटलं.

हे छापायला देऊ का, असं मी नंतर काकाला विचारलं, तर म्हणतो, "दे ना. फक्त माझं नाव नको टाकू." नाही टाकलं. अशा माणसाबद्दल मला अजून आदर वाटत नाही, आणि बाबांना कसा वाटला हे कळत नाही.

त्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. आतून पुकारा झाला, "शालिक मेश्राम!" मी अर्धी उठले... काका उठला आणि आत गेला.