तोंडात पान आणि रेट्रोची बैठक

मणिकर्णिका घाटाच्या गावी, दूधविनायकच्या मराठी गल्लीत वाढलेली नीरजा काही वर्षं पुण्यात काढून घरी परतली आणि नावेचं बुकिंग करणारं अ‍ॅप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत टीमची प्रमुख झाली. पुण्याहून तिनं एक हौस बरोबर आणली होती, ती म्हणजे रेट्रो. दर दोन आठवड्यांनी टीमनं गोल करून बसायचं, काय जमलं, काय फसलं ते मोकळेपणानं बोलायचं आणि पुढे काय बदलायचं ते ठरवायचं.

पहिल्याच बैठकीत तिनं विचारलं, "काय फसलं?"

तिघांच्या टीममधल्या शार्दूलनं डोळे मिटले. आदित्य छताकडे बघत राहिला. काशीनाथ बराच विचार करून म्हणाला, "उं."

नीरजा भारावून गेली, आणि काय फसलं असेल ते तिनंच सांगून टाकलं. घरी येऊन आईला म्हणाली, "पुण्यात सगळे नुसते बडबडायचे गं. इथली माणसं कशी आत उतरतात!"

"बैठक कधी घेतलीस?" शरदिनीबाईंनी विचारलं.

"जेवणानंतर."

"अगं वेडे, तोंडात पान असणार त्यांच्या! तुझ्या रेट्रोसाठी कोण थुंकतंय ते?"

नीरजा खट्टू झाली. पुढची बैठक तिनं सकाळीच ठेवली. आता सगळ्यांची तोंडं रिकामी होती, आणि मग जे काही सुटले ते!

"अहिल्याबाई घाट निवडला की अ‍ॅप मणिकर्णिका दाखवतं," आदित्य म्हणाला. "जुने नावाडी विचारून घेतात. पण परवा एका नव्या नावाड्यानं अ‍ॅपचं ऐकलं, आणि नवं जोडपं लग्नाचे फोटो काढायला थेट चितांसमोर जाऊन उतरलं. नवरी अजून घाटाचं नाव काढलं की रडते!"

"अरे, मग मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

"बोले तो थे, दीदी," काशीनाथ दुखावल्या स्वरात म्हणाला. "उं बोले थे ना!"

शार्दूल तिच्याच गल्लीतला, त्यामुळे जरा धीट. "ताई, राग मानू नको. पण तू प्रश्न विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस. आमची बारी येतच नाही."

नीरजाला झोंबलं. आपण तसं का करतो हे समजावून सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि तसंच मिटून घेतलं.

पुढच्या बैठकीला ती कोपऱ्यावरच्या दुकानातून चांगला भरलेला मघई विडा तोंडात घालूनच आली. कितीदा तरी मध्ये बोलायची उबळ आली. पण तोंड उघडायची सोय नव्हती. तिघं भांडले, हसले, घाटांची गडबड कशी झाली ते शोधून काढलं आणि दुरुस्तीची कामं आपापसांत वाटूनही मोकळे झाले. नीरजा नुसती मान डोलवत होती. आपली टीम एवढी हुशार आहे हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

शेवटी शार्दूलनं विचारलं, "ताई, ठीक झालं ना सगळं?"

तिला राहवलं नाही. "फारच छान!" ती म्हणाली, आणि विड्याचा अर्धा रस तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर, उरलेला काशीनाथच्या लॅपटॉपवर.