चाळीस पानं बाकी

तुरीच्या शेंगा मी सोलत होतो आणि ती वाचत होती. आमच्या घरी काम असंच वाटलेलं. ओट्यावर टोपलं माझ्यापुढं, पुस्तक तिच्यापुढं. रस्त्यानं जाणारा एखादा थांबून हसायचा, "काय बाप्पा, बायकोनं कामाले लावलं काय?" मी म्हणायचो, "हो. तुह्यी लावत नाई म्हणून तू भटकून राह्यला."

ती सातवी शिकलेली. मी दुसरीतून जो वावरात गेलो तो गेलोच. अल्लीपूरजवळच्या आमच्या गावात ती शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवायची. भांडी घासून झाली की शाळेच्या कपाटातलं एक पुस्तक पदराखाली घालून आणायची. चोरून नाही, बाईंना सांगून. पण साठीतली बाई पोट्ट्यांची पुस्तकं वाचते म्हणून लोक दात काढत, म्हणून पदर. तिला धाडसाच्याच गोष्टी लागत. चोरांच्या मागे जाणारी पोरं, गुहा, भुयारं, फाटके नकाशे.

"यात देव येत नाई सोडवाले," ती म्हणायची. "पोट्टं अटकलं की आधी खिसे तपासते. सुतळी निघते, खिळा निघते. त्याच्यावरच भागवते."

"अन् ह्याईच्या माया कुठी असतात वो? चार दिवस पोट्टं घरी नाई, कोणी पाहाले येत नाई?"

"माय आली त गोष्टच सरली ना!"

त्या दुपारच्या गोष्टीतलं पोरगं किल्ल्याच्या तळघरात कोंडलं होतं. हात मागे बांधलेले, दार बाहेरून बंद, आणि पाणी चढत गळ्यापर्यंत आलेलं. मी जन्मात चार-पाच विहिरी खोदल्या आहेत. पाणी कसं चढतं ते मला कोणी पुस्तकातून सांगायची गरज नाही.

"मेला हा," मी म्हणालो.

"नाई मरत."

"गळ्यालोक पाणी आहे. कसा नाई मरत?"

तिनं उरलेली पानं अंगठ्यानं फर्रकन उलटली. "चाळीस पानं बाकी आहेत अजून. मरन कसा?" मग पुस्तक मिटलं, माझ्यापुढचे सोललेले दाणे उचलले आणि "बाकीचं उद्या" म्हणून चुलीकडे गेली.

दिवेलागणीला छातीत दुखतं म्हणाली. शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. हिंगणघाट यायच्या आधीच तिचं डोकं माझ्या मांडीवर जड झालं. पुढचं काय सांगू? जे सगळ्यांचं होतं ते झालं.

तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ वडनेरहून महाराज घेऊन आला. सुतकाच्या घरी दहा दिवस पोथी वाचायची रीत आहे. अंगणात सतरंजी टाकली, गावचे लोक बसले, महाराजांनी पोथीचं लाल फडकं सोडलं. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. मेल्यावर जीवाला कसं उपाशी ठेवतात, तापल्या वाटेनं कसं हाकलत नेतात, कोण मारतं, कोण टोचतं. माणसं माना हलवत होती. माझं डोकं फिरलं.

"थांबा महाराज," मी उठलो. "कोणाले उपाशी ठेवून राह्यले?"

"जीवाले, भाऊ. सगळ्याइचंच असते ते."

"साऱ्या शाळेले जेवू घातलं तिनं. तिले कोण उपाशी ठेवते, नाव सांगा त्याचं. मी पाह्यतो."

साळा माझा हात धरू लागला. "भाऊजी, खाली बसा. रीत आहे. तिले गती भेटन."

"तिची गती मले माहीत आहे. तळघरात पाणी गळ्यालोक आलं, तिथी अटकली आहे ते. तिले पुढचं पाह्यजे."

मी आत जाऊन पुस्तक आणलं आणि पोथीच्या शेजारी ठेवलं. वरच्या चित्रात दोन पोरं दोरावर लटकलेली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, काही रडल्याही.

"हे लेकराइचं पुस्तक आहे," महाराज म्हणाले.

"मंग? तिनं लेकराइसाठीच हात भाजून घेतले."

आमचा पोरगा नागपूरला नोकरी करतो. तो कानाशी आला. "बाबा, लोक हासतीन."

"हासू दे. ओट्यावर बसलो तवापासून हासूनच राह्यले."

"बरं, आणा. मी वाचून टाकतो पटकन."

वाचून टाकतो! एक दिवस हा पोरगा तिच्याजवळ ऐकायला बसला नाही. मी पुस्तक काखेत घट्ट धरलं. "तू नाई. मी वाचीन."

साळा हसला. "तुमाले सही तरी धड येते काय?"

अंगण खदखदलं. खरंच होतं ते. सही करताना माझं नाव रेघेखाली घसरतं, बँकेतली पोरगी दोनदा करायला लावते. पण त्या हसण्यानं माझ्या तोंडून निघून गेलं, "आयका साऱ्यांनी. हे पुस्तक सरेपर्यंत माह्या घरचं सुतक फिटत नाई. ना गोड शिजन, ना कोणी मले सुतक फेडाची टोपी घालन."

आता कोणी हसलं नाही. साळ्याचा कापूस वेचणीला आलेला, पोराची सुट्टी मोजकी. महाराजांनी पोथी बांधली आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली आणि तिच्या नावानं दाराशी लावलेल्या दिव्यापुढं पुस्तक घेऊन बसलो. ज्यांना यायचं ते येवोत. तिची शाळेतली जोडीदारीण, तिच्यासोबत खिचडी शिजवणारी, तेवढी आली. साळा पाठ करून बाजेवर बसला. मी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. पा. मग णी. काना-मात्रा ओळखू येत होत्या, जोडाक्षर आलं की बैलबंडी चिखलात रुतावी तसा थांबत होतो. एका ठिकाणी पोरगा माझ्यामागच्या दारातून पुस्तकात डोकावून ओरडला, "बाबा, ते 'तुझ्या' नाई, 'तळघराच्या' आहे."

"मले दिसते. बाहीर येऊन ऐक, नाईतर चूप राह्य."

एका ओळीला इतका वेळ गेला की तिच्या जोडीदारणीनं मधेच उठून चूल पेटवली आणि परत येऊन बसली, तेव्हाही मी त्याच ओळीत होतो. साळा वळला. "भाऊजी, असं दहा दिवसात सरते काय हे?"

"नाई सरलं त अकरावा धरू. नाई त बारावा, विसावा. मेली ते माह्यी बायको आहे, दिवस मीच मोजीन."

आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली, या वेळी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.