खंडेनवमीचा प्लग पाना

उद्यमनगरात हंबीररावांच्या गॅरेजचा पत्ता विचारला तर लोक म्हणतात, "आवाजाच्या दिशेनं जावा." हा आवाज इंजिनाचा नव्हे, खुद्द हंबीररावांचा. त्यांची उभी हयात डिझेलच्या ट्रकांखाली गेली. मग सीएनजीच्या गाड्या आल्या, ट्रकला स्कूटरसारखे स्पार्क प्लग आले, तेव्हा त्यांच्या वयाच्या मिस्त्र्यांनी लांबूनच हात जोडले. हंबीररावांनी बाह्या सरसावल्या. "इंजिन ते इंजिन. त्याला खायाला काय बी घाला, दुखलं की वरडणारच," असं म्हणून त्यांनी ते कामही अंगी मुरवलं. आलेल्या गिऱ्हाइकापुढं पंजा पसरून ते सांगत, "पानं-बिनं नंतर. खरं हत्यार हे!" बढाई होती, पण खोटी नव्हती.

असा हा माणूस जगात एकाच व्यक्तीला वचकून असे, ती म्हणजे बायको बाळाबाई. खंडेनवमीला सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत एकालाही बोट लावायचं नाही, हा त्यांच्या सासऱ्यांपासूनचा दंडक. राखायच्या बाळाबाई, आणि तो आपलाच असल्यासारखा गल्लीभर सांगत फिरायचे हंबीरराव.

यंदाही गॅरेजातल्या पाटावर कुंकू चढलं. आरतीआधी नैवेद्याचं बघायला बाळाबाई मागच्या घरात वळल्या आणि दारात एक छोटा ट्रक आचके देत येऊन थांबला. गडमुडशिंगीची अनुजा होती. गावातल्या बायकांच्या संस्थेचं दूध डेअरीला पोचवायचं काम याच महिन्यात तिला मिळालं होतं, तेही "पोरीला झेपंल का?" असं गावभर चघळून झाल्यावर.

"काका, गाडी वढच घेईना. मागं कॅन भरल्यात, ऊन बघा कसलं हाय! दूध नासलं तर उद्यापासनं हे काम दुसऱ्याच्या गाडीला."

"सकाळी काय केलतंस गाडीला?"

"पूजेसाठी धुतली की. पंप मारून इंजिनासकट चकाचक केली."

"इंजिनाला अभ्यंगस्नान घातलंस व्हय! उटणं तरी लावायचं हुतंस."

अनुजाचे डोळे भरून आले, तेव्हा हंबीरराव थट्टा आवरून वाकले. प्रत्येक प्लगवर एकेक कॉइल बसलेली असते, तीच त्याला ठिणगी पुरवते. चालू इंजिनावर त्यांनी एकेका कॉइलचं कनेक्टर हातानंच काढून पाहिलं. पहिलं काढलं तसं इंजिन अडखळलं. दुसरं काढलं तर त्याला पत्ताच नाही. "हा मेलाय. आन् शेजारचा बी शेवटच्या घटका मोजतोय," हंबीरराव म्हणाले. इथवर हत्यार लागलं नव्हतं. पुढं मात्र लागणार होतं, आणि लांब नळीचा प्लग पाना पाटावर झेंडूच्या फुलाखाली विसावला होता.

हंबीररावांनी पाटाकडं पाहिलं, मग कॅनकडं. वडिलांचा दंडक मोडायचा हे त्यांच्या जिवावर आलं. पण उद्या ही पोर गावात मान खाली घालून हिंडणार, हे त्याहून जड गेलं. त्यांनी पाटाला हात जोडले, फूल बाजूला ठेवलं आणि पाना उचलला. वळून बघतात तर घराच्या दारात बाळाबाई. पान्यावर नजर टाकून त्या तशाच आत गेल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर हंबीररावांना बरं वाटलं असतं.

त्यांनी कॉइली उपसल्या. खाली प्लगच्या खळग्यांत पाणी साचलं होतं. कॉम्प्रेसरच्या गळ्यातला हार सारून त्यांनी हवा मारली, खळगे कोरडे केले, मगच प्लग काढले. एकाच्या पांढऱ्या चिनी मातीला तडा गेला होता, त्यावरची कॉइलही गेली होती, बाकीचे प्लगही झिजलेले. कपाटातून नवे प्लग आणि एक नवी कॉइल निघाली. इंजिन तापलेलं, बोटांना चटके बसत होते, तरी प्रत्येक प्लगचे पहिले आटे त्यांनी पान्याची नळी बोटांत धरून, दांडी न लावताच फिरवले. "पहिल्यापासनं दांडीनं जोर लावला की आटं गेलं म्हणून समज," ते अनुजाला सांगत होते. शेवटी बेताचा ताण दिला आणि म्हणाले, "मार!"

इंजिन एका दमात, एका सुरात लागलं. "येते काका!" म्हणत अनुजा गेलीसुद्धा.

हंबीरराव आत आले. बाळाबाई पाटापाशी बसल्या होत्या. निरांजन अजून पेटवलं नव्हतं.

"पाना धुऊन आणतो," हंबीरराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली कधी कुणी ऐकला नसेल.

"दूध पोचलं का?"

"कळंल आता."

बऱ्याच वेळानं फोन वाजला. अनुजा हंबीररावांहून मोठ्यानं ओरडत होती, "घेतलं काका! सगळं घेतलं!"

"आता ठेवा पाना," बाळाबाई म्हणाल्या. "धुऊ नका, तसाच ठेवा." त्या तेलकट पान्याला त्यांनी पुन्हा हळदकुंकू लावलं. मग नवऱ्याचा उजवा हात ओढून घेतला. काळाकुट्ट तळवा, बोटांवर चटक्यांचे लाल डाग. त्याच्या मधोमध त्यांनी कुंकू टेकवलं.

"ह्याची पूजा राहिली हुती."

तीस वर्षं गल्लीला दाखवलेला हात बायकोनं आज पहिल्यांदा पाहिला, असं हंबीररावांना वाटलं.

"आता ह्याला बी उद्यापतूर इसावा. उचलायचं न्हाई."

"आन् पुरणपोळी कशानं खाऊ?" आवाज पुन्हा गल्लीभर गेला.

"भरवते की," म्हणत बाळाबाईंनी निरांजनासाठी काडी ओढली.