उलट पिळाची पेंढी

आमच्या कडब्याची गंजी बौद्धवाड्यातले एक गृहस्थ रचायचे. आज मी 'ते' असं लिहितो आहे. तेव्हा ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते आणि मी त्यांना अरे-तुरे करायचो. ते डावखुरे होते. कडब्याची ताटं एकत्र करून वर जो आळा आवळतात, त्याचा पीळ त्यांच्या हातून नेहमी उलटा पडायचा. गंजीला उतार असा द्यायचे, की आठ-आठ दिवस झड लागली तरी आतली पेंढी कोरडीठाक निघायची. वडील पाहुण्यांना ती गंजी कौतुकानं दाखवत. कोणी रचली, ते मात्र सांगत नसत.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात जाळपोळ सुरू झाली. आमचं गाव पेडगावच्या पुढं, आडबाजूला. आमच्यातल्या कोणी ते विद्यापीठ पाहिलेलं नव्हतं. कुठला पुढारी आमच्याकडे भाषण द्यायला आला नव्हता. कोणी निरोपही धाडला नव्हता. तरी एका दुपारी पारावर माणसं जमली आणि बौद्धवाड्याच्या वस्तीकडे निघाली. तीस-चाळीस असतील. मी परभणीला कॉलेजात होतो, सुट्टीवर आलो होतो. वडील पुढं होते, मी मागं.

वस्तीतली माणसं आधीच नाल्यापलीकडं, ज्वारीत पळाली होती. पण झडीनं छपरं भिजली होती. रॉकेल टाकलं तरी नुसता धूर.

"वली हायत, पेटनात," कोणीतरी म्हणालं.

"मंग ऊन पडूस्तवर थांबा," दुसऱ्यानं टोमणा मारला. लोक हसले. थोडं हसू झालं की माणसं घरी जातात, तसे चार-दोन जण वळलेही होते.

मी पळत खळ्यावर गेलो. गंजीच्या पोटात हात घालून दोन पेंढ्या उपसल्या आणि घेऊन आलो. मला कोणी सांगितलं नव्हतं. हे मी कितीदा तरी मनात तपासून पाहिलं आहे. खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

पहिलं छप्पर पेटलं ते आमची गंजी रचणाऱ्या त्या गृहस्थांचंच.

दुसऱ्या दिवशी जमादार पंचनाम्याला आला. पंच म्हणून शिकलेला माणूस हवा होता, म्हणून मला बोलावलं. मी गेलो. राखेत एक पेंढी अर्धी जळून उरली होती. वस्तीतली माणसं परतली होती; त्या गृहस्थांनी ती उचलली, आळ्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"काय पाहायलास रे?" जमादार म्हणाला. "कोनाची हाय, वळखतो का?"

त्यांनी पेंढी परत राखेत ठेवली. मग म्हणाले, "कडबा समद्यांचा सारखाच असतो, साहेब."

जमादारानं लिहिलं: अज्ञात जमावाने. खाली मी दस्तखत केलं. सही नेहमीसारखी वळणदार आली.

ते कुटुंब महिनाभरात सेलूला गेलं. त्या साली गंजी वडिलांनी रचली. पाणी आत गेलं, कडबा काळा पडला. म्हशी तोंड लावेनात, तेव्हा वडिलांनी शिव्या दिल्या त्या गाव सोडून गेलेल्याला.

मी मास्तर झालो. गंगाखेडच्या शाळेत इतिहास शिकवतो. राजे, लढाया, तह, आणि ते घडवणारे मोठे पुरुष. चौऱ्याण्णव साली विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न शेवटी सुटला. आमच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "सगळं त्या पाच-सात पुढाऱ्यांनी पेटवलं होतं. गरीब लोक नाहक भरीला पडले." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्या मानेची मला इतकी शिसारी आली, की रविवारी गाडी धरून मी सेलूला गेलो.

ते कापसाच्या जिनिंग मिलमध्ये गठाणींची थप्पी लावायचं काम करत होते. मिलच्या मागं दोन खोल्यांचं घर. त्यांनी मला लगेच ओळखलं; मी मास्तर झाल्याचंही त्यांच्या कानावर होतं.

"तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणालो.

"सोळा वरसांनी 'तुमी' म्हनायलात. बसा."

"कडबा मी आणला होता."

"ठावं हाय. आळा माजाच व्हता."

"मग जमादाराला सांगितलं का नाही? भीती होती?"

"भीती तर व्हतीच. पर त्याच्यासाठी न्हाई." त्यांनी बायकोला हाक मारली, "मास्तरला च्या टाक," आणि माझ्याकडं वळले. "तुमचं नाव घेतलं असतं, तर गाव म्हनलं असतं, त्या एका पोरानं केलं. बाकीचे हात धुवून मोकळे. मला एक नको व्हता, मास्तर. मला समदे पायजे व्हते."

आत स्टोव्ह पेटला. ते पुढं म्हणाले,

"आता आलाच हाव तर समद्यांची नावं लिवून द्या. कोर्टात न्यायला न्हाई. माज्या नातवाला वाचायला. त्याच्या पुस्तकात समदं मोठ्या लोकांचंच हाय."

त्यांनी नातवाच्या वहीचा कागद फाडून माझ्यापुढं ठेवला. मी माझं नाव लिहिलं. ते सोपं गेलं, खरं तर बरंही वाटलं. दुसरं वडिलांचं लिहिलं. वडील अजून आहेत, ऐंशीकडं झुकलेत, पहाटे हरिपाठ म्हणतात. तिसरं माझ्या सासऱ्यांचं होतं; तेही त्या जमावात होते. तिथं पेन थांबलं. चहा आला. मी चहा प्यायलो. त्यांच्या कपातल्या चहावर साय धरेपर्यंत ते माझ्याकडं पाहत राहिले असतील, मी वर पाहिलं नाही.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, आणि कागदाची घडी करून माझ्या खिशात घातली. "पुरा झाला की घेऊन या. मी हाय इथंच."

तो कागद कपाटात आहे. त्यावर अजून दोनच नावं आहेत. इथं, या लिखाणात, तीही नाहीत.